गोधडीचा तास

शाळेच्या फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला, कडुनिंबाखाली, पालकांना बसायला एक लांबलचक लाकडी बाक ठेवलेला आहे. परवा मी त्यावर टेकले आणि माझे पाय आपोआप समोर फळी शोधू लागले. फळी नव्हती. नुसती पेव्हर ब्लॉकची जमीन आणि तिच्यावर पडलेल्या लिंबोळ्या. मग एकदम डोक्यात प्रकाश पडला. मी उठून बाकाच्या पाठीमागे गेले, तर फळी तिथे होती. गुडघे टेकायची, घासून घासून मधोमध खोलगट झालेली, आणि तिच्या वर प्रार्थनेची पुस्तकं ठेवायची अरुंद पट्टी. आमच्या जुन्या चर्चमधला बाक! ह्या बाकांची रचनाच अशी की पुढच्या बाकाच्या पाठीवर मागे बसणाऱ्याची सोय. एकटा बाक बाहेर आणून ठेवला की त्यावर बसणाऱ्याच्या पायाशी काही उरत नाही.

मी चक्क वाकून त्या पट्टीचा वास घेतला. दोन पालक माझ्याकडे बघत होते, बघू देत. मेणाचा वास आला असं मला वाटलं. इतकी वर्षं उन्हापावसात राहिलेल्या लाकडाला मेणाचा वास कुठून येणार, पण मला आला.

मी आले होते भाचीसाठी. सानिका, माझ्या धाकट्या भावाची मुलगी, इथेच दहावीला आहे. भाऊ पेरणीच्या गडबडीत. म्हणाला, "ताई, पालकसभेला तूच जा. नाहीतरी तुझीच शाळा हाय." मी संगमनेरला कॉलेजात फिजिक्स शिकवते, त्यामुळे घरात कुणाच्याही शाळेचं काही निघालं की ते माझ्या गळ्यात पडतं. सभेला वेळ होता. सानिका वर्गात होती. मी बाकावर परत बसले आणि त्या बाकानं मला कुठल्या कुठे नेलं.

आमचं गाव प्रवरेच्या कालव्यावर. आबा, म्हणजे माझे वडील, पाटकरी होते. भंडारदऱ्याचं पाणी सुटलं की ते कुणाच्या शेताकडे कधी वळवायचं ते आबांच्या हातात असायचं. कोरड्या पाटात पहिलं पाणी आलं की जो वास सुटतो, तापलेल्या मातीचा, कुजलेल्या पानांचा आणि थोडासा माशांचा, तो वास नाकात घेऊन आम्ही पाटाच्या कडेकडेनं मिशनच्या शाळेत चालत जायचो. थंडीत साखर कारखाना सुरू झाला की वारा मळीचा वास आणायचा आणि मुली ओढणी नाकाला लावायच्या. दुपारी बारा वाजता चर्चची घंटा व्हायची. शेतातल्या बाया त्या घंटेवर भाकरी सोडायच्या, मग त्या कुठल्याही देवाच्या असोत. परीक्षेआधी माझी आई मतमाउलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, कोनाड्यात झेंडूची माळ घालून यायची आणि घरी येऊन खंडोबालाही सांगून ठेवायची. आपल्याकडून कसूर नको, एवढंच तिचं म्हणणं.

शाळा मराठी माध्यमाची. चालवणाऱ्या सिस्टर मात्र लांबलांबच्या. आम्हाला विज्ञान शिकवायच्या त्या सिस्टर बेनेडिक्टा मंगळूरकडच्या. बुटक्या, ठसठशीत, झपाझप चालणाऱ्या. त्या कोपऱ्यावर वळायच्या आधी त्यांच्या कमरेच्या जपमाळेचा आवाज वळायचा आणि आम्ही शहाण्यासारखे बसायचो. त्यांचं मराठी त्यांनी स्वतःच तयार केलेलं होतं. मुली, मुलं, बाक, पाऊस, सगळ्यांना एकच लिंग. "तू घाबरतो कशाला? कॉलेज वाघ आहे काय?" हे त्या मला म्हणायच्या.

घाबरण्यासारखं होतंच. दहावीपर्यंत सगळं मराठीत आणि अकरावी सायन्स झटक्यात इंग्रजीत. आमच्या आधी शाळेतून जी हुशार मुलं सायन्सला गेली त्यातली बरीचशी पहिल्या सहामाहीलाच परत आली होती. त्यात माझा चुलतभाऊ आप्पाही होता. आप्पा आमच्या घराण्यातला सगळ्यात हुशार मुलगा, पण परत आला तो असा गप्प झाला की सणासुदीलाही चारचौघांत येऊन बसेना. "तिकडं काय बोलत्यात तेच समजत न्हाई," एवढं एकदा आईला म्हणाला होता. त्याची ती मान खाली घातलेली बसण्याची तऱ्हा आबांच्या डोळ्यांसमोरून कधी हललीच नाही.

सिस्टरांनी ह्यावर जो उपाय काढला तो दुसऱ्या कुठल्या शाळेत असेल असं मला वाटत नाही. शनिवारी शाळा अर्धी असायची. सुटली की आम्ही दहावीची मुलं जुन्या चर्चमध्ये जमायचो. नवं मोठं चर्च बांधून झालं होतं आणि जुनं रिकामं पडलं होतं. बाक तेवढे तिथेच होते. वेळापत्रकात ह्या तासाचं नाव होतं 'कॉलेजची तयारी'. नियम असे, की वह्या बंद. एक पाहुणा येणार, इंग्रजीत बोलणार. तो थांबणार नाही, फळ्यावर लिहिणार नाही, परत सांगणार नाही. बोलून झालं की तो सिस्टरांच्या घरी चहाला जाणार. तो चहा पिऊन येईपर्यंत आम्ही सगळ्यांनी मिळून त्याचं भाषण पुन्हा जुळवायचं आणि तो आला की त्यालाच ते मराठीत ऐकवायचं.

पाहुणा म्हणजे कोण, तर मिशनमध्ये उतरलेला इंग्रजी बोलणारा कुणीही. एकदा पांढऱ्या दाढीचे एक म्हातारे परदेशी फादर आले आणि मधमाश्यांवर बोलले. दवाखान्यातल्या डॉक्टर सिस्टर रक्तदाबावर बोलल्या. आमच्या वर्गातल्या फ्लोराचे कोणी मामा बोटीवर नोकरीला होते. ते सुट्टीवर आले तर सिस्टरांनी त्यांनाही सोडलं नाही, बोटीचं इंजिन कसं चालतं ते सांगायला उभं केलं. त्या मधमाश्यांच्या तासाला आम्ही असं काही जुळवलं होतं की राणीमाशी स्वतःच्या हातानं पोळं बांधते आणि बाकीच्या माश्या तिला पगार देतात. फादर इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. "हा मी नाय बोलला," ते डोळे पुसत म्हणाले, "पण हा चांगला आहे."

सुरुवातीला प्रत्येकजण सगळं ऐकायला जायचा आणि कुणाच्याच हाती काही लागायचं नाही. मग सिस्टरांनी कामं वाटून दिली. फ्लोरा मिशनच्या आवारातच राहणारी, तिच्या कानावर इंग्रजी प्रार्थना पडलेल्या. तिनं प्रत्येक मुद्द्याची सुरुवात आणि शेवट धरायचा. अशोक गणितात पक्का. त्यानं आकडे आणि चिन्हं धरायची. नामदेवला इंग्रजी बिलकुल यायचं नाही, पण कान असा की ऐकलेला शब्द जसाच्या तसा काढून दाखवायचा. त्यानं अनोळखी शब्दांचे नुसते आवाज साठवायचे. असं करत करत सगळ्यांना काही ना काही मिळालं. माझी पाळी आली तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "तू फक्त 'का' पकड. हा गोष्ट का झाला, तो का नाही झाला. बाकी काही ऐकू नको."

मला फार वाईट वाटलं. वर्गात पहिला नंबर माझा आणि वाट्याला आलं काय, तर 'का'! तास संपल्यावर मी सिस्टरांच्या मागे मागे गेले. म्हटलं, "सिस्टर, मला दुसरं काहीतरी मोठं द्या ना. हे फारच लहान आहे."

त्या वळल्या. जपमाळ खुळखुळली.

"सुई पण लहान," त्या म्हणाल्या. "एकदा हरवून बघ."

सुईचं त्यांच्या डोक्यात होतं ते नामदेवमुळे. आम्ही सगळे तुकडे जुळवत बसलो असताना तो एकदा म्हणाला होता, "सिस्टर, ही तर गोधडीच की वो." सिस्टरांना गोधडी ठाऊक नव्हती. नामदेवच्या आईनं पुढच्या शनिवारी एक पाठवून दिली, जुन्या लुगड्यांची, मऊसूत. सिस्टर ती उलटीसुलटी करून किती वेळ बघत होत्या. एकेका तुकड्यावर बोट ठेवून "हा कुणाचा? हा कुणाचा?" विचारत होत्या आणि नामदेव सांगत होता, ही आजी, ही मावशी, हा बापाचा पटका. तेव्हापासून त्या तासाला आम्ही 'गोधडीचा तास' म्हणू लागलो आणि सिस्टरही म्हणू लागल्या.

तास संपला की आम्ही उभे राहायचो आणि एका सुरात म्हणायचो, "थँक यू सिस्टर, गॉड ब्लेस यू!" पाहुणा दाढीवाला फादर असो की बोटीवरचे मामा, आमचं 'सिस्टर' ठरलेलं. जिभेला तेच वळण पडलं होतं. मग डब्यांची झाकणं, सायकलींच्या घंट्या, आणि उघड्या दारातून येणारा चिंचेच्या सावलीचा गारवा. ती चिंच आता नाही. जुनं चर्चही नाही. तिथे कॉम्प्युटर लॅब उभी आहे. सिस्टरांची बदली झाली ती आम्ही कॉलेजात असताना. 'का' पकडणारी मी, पण चिंच का तोडली, चर्च का पाडलं आणि सिस्टरांना तडकाफडकी तिकडे कुठे झारखंडकडे का पाठवलं, ह्यातलं एकही का माझ्यापाशी नाही. वास तेवढे आहेत.

दहावीला चांगले मार्क पडले. घरात पेढे वाटले आणि त्याच संध्याकाळी आबांनी विषय काढला.

"सायन्सचं खूळ डोक्यात घिऊ नगं," ते म्हणाले. "मराठीतनं आर्ट्स घे. जवळ हाय, रोज घरी येशील."

"आबा, मला सायन्सच घ्यायचंय."

"आप्पाला पन सायन्सच घ्यायचं हुतं."

 आई चुलीतली लाकडं मागेपुढे करत राहिली. शेवटी आबांनीच तोड काढली. मावशी संगमनेरला राहायची, तिच्याकडे राहून जायचं. "पर दिवाळीपत्तूर. दिवाळीला मी यीन आन् इचारीन. समजंना झालं आसंल तर गुमान वळकटी बांधायची. तुला आप्पावानी झालेली मला बघवायची न्हाई."

माझं सगळं पुढचं आयुष्य त्या 'दिवाळीपत्तूर'वर येऊन थांबलं.

कॉलेजचा पहिला तास फिजिक्सचा होता. सर उंच, धिप्पाड, भरघोस मिशांचे. शंभरेक पोरांचा वर्ग, त्यात आम्ही शाळेतले चौघे, फ्लोरा, अशोक, नामदेव आणि मी, एका रांगेत चिकटून बसलेलो. सर आले आणि इंग्रजीचा पाट फुटला. मला काही म्हणता काही कळेना.  आप्पाची खाली घातलेली मान डोळ्यांसमोर आली. तास कधी संपला तेही कळलं नाही. घंटा झाली, आणि त्या घंटेबरोबर आम्ही चौघे ताडकन उभे राहिलो आणि एका सुरात ओरडलो,

"थँक यू सिस्टर, गॉड ब्लेस यू!"

 मग वर्गात असा काही हशा उसळला की शेजारच्या वर्गातली मुलं दारात येऊन डोकावली. मला वाटलं, बाकाखाली शिरावं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मिशनच्या शाळेचे का?"

आम्ही माना डोलावल्या.

"आशीर्वाद चालेल," सर म्हणाले. "पण पुढच्या वेळी मिशी बघून हाक मारा."

त्या दिवसापासून कॉलेजभर आमचं नाव 'सिस्टरवाले' पडलं. नाव पडलं आणि पळून जायची सोयच उरली नाही. पहिले काही दिवस आम्ही कुणाशी नजर मिळवत नव्हतो. सायकल स्टँडच्या मागे पत्र्याच्या सावलीत डबे उघडून नुसते बसायचो. एकदा नामदेव भाकरी मोडता मोडता सहज म्हणाला, "इक्विलिब्रियम." त्याला अर्थ माहीत नव्हता, तासाला ऐकलेला आवाज त्यानं काढला एवढंच. अशोक म्हणाला, "त्याच्या आधी शून्य म्हणाले होते." फ्लोरा म्हणाली, "सुरुवात टांगलेल्या दिव्यापासून केली." आणि माझ्या तोंडून निघालं, "दिवा खाली का पडत नाही, ते सांगत होते. वरनं दोरी ओढते म्हणून."

आम्ही एकमेकांकडे बघतच राहिलो. नामदेव हसायला लागला. "आयला, गोधडी!"

मग रोज तेच. डबे सोडायचे आणि तास जुळवायचा. आधी काही पोरं आमची टिंगल करायला आली. "काय सिस्टर, आज प्रवचन कशावर?" अशी. त्यातलाच एक आमचं ऐकता ऐकता म्हणाला, "नाय नाय, सरांनी आधी उलटं सांगितलं होतं," आणि खाली बसला. मग दुसरा बसला. इंग्रजी शाळेतून आलेली एक मुलगी होती, ती सगळे शब्द धडाधड सांगायची, पण एकातून दुसरं कसं निघतं ते तिला सापडायचं नाही. ती माझ्याकडे वळून विचारायची, "हां, पण का?" शब्द पुस्तकात सापडत, आकडे पुस्तकात सापडत. बोलता बोलता सरांनी एक गोष्ट दुसरीला कशी बांधली होती, ते मात्र हवेत विरून जायचं. ते तेवढं माझ्याजवळ असायचं. सिस्टरांची सुई मला तिथे, त्या पत्र्याखाली, कळली.

आणि दिवाळीच्या तोंडाशी आबा आले.

सांगितल्याप्रमाणेच आले. धुतलेलं धोतर, हातात पेरूंची पिशवी, आणि पिशवीतून डोकावणारं सुतळीचं भेंडोळं. वळकटी बांधायला आणलेलं. मावशीकडे न जाता ते विचारत विचारत थेट कॉलेजात आले होते. आमची बैठक भरात आली होती. मी त्यांना बघून उठायला लागले तर त्यांनी हातानंच "बस" म्हणून खुणावलं आणि स्वतः जरा लांब, सायकलींच्या पलीकडे, कट्ट्यावर टेकले.  मी डब्याचं झाकण लावून टाकलं.

तास प्रकाशाचा झाला होता. फ्लोरानं सुरुवात सांगितली. नामदेवनं दोन अवघड शब्द काढून दाखवले. अशोकनं मातीत बोटानं कोन काढला. ती इंग्रजी शाळेतली मुलगी पुढे बोलू लागली आणि अडखळली. सगळे थांबले. मग एकेक करून सगळी डोकी माझ्याकडे वळली.

"पण प्रकाश का वाकतो?" ती म्हणाली. "का म्हणाले सर? बोल ना गं!"

मी आबांकडे बघितलं. ते पेरूंच्या पिशवीवर हात ठेवून बसले होते. मी सांगितलं. हळू, मराठीत, मला आठवलं तसं. हवेतून पाण्यात शिरताना प्रकाशाची चाल मंदावते म्हणून. तिरका आला तर एक कड आधी मंदावते म्हणून. कुणीतरी "हां!" म्हणालं, आणि पुढचं पुन्हा सुरू झालं.

सगळे पांगल्यावर आबा उठले. मला वाटलं आता विचारतील. मी उत्तर तयार ठेवलं होतं, थोडं कळतं, थोडं कळत नाही, असं. त्यांनी विचारलंच नाही. त्यांनी पेरू काढून चौघांच्या हातावर ठेवले आणि नामदेवला म्हणाले, "रोज बसता व्हय रं आसं?"

"व्हय मामा, रोज."

"आन् ही न्हाई आली तर?"

नामदेव पेरूचा घास घेऊन विचारात पडला. "तर मामा, मधीच भोक पडतं," तो म्हणाला.

आबांनी पिशवी उचलली. चालत चालत आम्ही मावशीच्या घरी निघालो. नवीन नगर रोडला ट्रकांची ये-जा चालली होती. रस्ता ओलांडून झाल्यावर ते म्हणाले, "आप्पा तिकडं एकलाच हुता गं. त्याच्या शेजारी बसाया कुनीच नव्हतं."  मावशीच्या दारात त्यांनी सुतळीचं भेंडोळं पिशवीच्या तळाशी सारलं आणि वर माझ्यासाठी राखलेले पेरू ठेवले. "दिवाळीला घरी यी," ते म्हणाले, "आन् भाऊबीज झाली की माघारी हितं ये."

त्याच दिवाळीत आबांनी आप्पाला मुद्दाम बोलावून माझ्याजवळ बसवलं. तो फारसं बोलला नाही, पण माझं पुस्तक हातात घेऊन बराच वेळ चाळत होता. पुढे त्यानं मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकलं. आता तो चारचौघांत बसतो, आणि आम्ही भेटलो की मला 'सिस्टर' म्हणून चिडवतो.

"आत्या!"

मी दचकले. सानिका बाकापाशी उभी होती, तास लवकर सुटलेला, पाठीवर दप्तर, हातात कसलेसे क्लासचे कागद. सभेला अजून थोडा अवकाश होता. ती धपकन माझ्याशेजारी बसली. तिचा चेहरा उतरलेला होता.

"आत्या, मी सायन्स नाय घेणार," ती म्हणाली. "मोबाईलवर त्या क्लासचं लेक्चर लावते, परत परत लावते, तरी डोक्यात शिरत नाय. पप्पांना तू सांग."

"कुणाबरोबर ऐकतेस?"

"कुणाबरोबर म्हणजे? एकटीच. हेडफोन लावून."

मी तिच्याकडे बघितलं. मान अगदी आप्पासारखी खाली.  माझे पाय पुन्हा त्या नसलेल्या फळीकडे गेले. शाळेची घंटा झाली, दुपारची, आणि वर्गांतली मुलं डबे घेऊन सावलीकडे धावली. आणि मी, पन्नाशी ओलांडलेली बाई, कॉलेजातली मॅडम, त्या घंटेसरशी ताडकन उभी राहिले. समोर कॉम्प्युटर लॅबची बंद काच होती. मी मोठ्यानं म्हणाले,

"थँक यू सिस्टर. गॉड ब्लेस यू."

ह्या वेळी हाक चुकली नव्हती. डोळे भरून आले ते मी पुसलेही नाहीत.

सानिका आ वासून माझ्याकडे बघत होती. इकडेतिकडे बघून तिनं माझा पदर ओढला.

"आत्या, कुणाला म्हणतेस? इथे सिस्टर कुठेय?" आणि मग हळूच, "का पण?"

माझ्याच वाटणीचं होतं ते 'का'. मी तिच्याजवळ बसले.

"जा, तुझ्या वर्गातल्या दोघीतिघींना हाक मार," मी म्हटलं. "डबे घेऊन या म्हणावं. मग सांगते."